फ्रिजमधला माका

थंडोबाला कुणाचं वाक्य पुरं ऐकून घ्यायची सवय नव्हती. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून "अहो, आमचा फ्रिज ना, मधेच असा" एवढं म्हणेपर्यंत हा आतून "घरघरतो आणि मग टक् करून गप्प बसतो. रिले गेलाय. संध्याकाळी येतो," असं सांगून मोकळा व्हायचा. गंमत म्हणजे बहुतेक वेळा रिलेच गेलेला असायचा, आणि तिथेच सगळं बिनसलं. अधूनमधून तोंडावर पडणारा माणूस ऐकायला तरी शिकतो. याच्यावर ती वेळच फारशी आली नाही, त्यामुळे याचे कान हळूहळू नुसते शोभेचे झाले.

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते त्याच्या मेहुणीने ठेवलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा सगळे गप्पा मारत बसले होते आणि जावईबापू स्वयंपाकघरात सासऱ्यांच्या फ्रिजमागे डोकं घालून बसले होते. मेहुणी म्हणाली, "ताई, कुठला थंडोबा शोधलास गं?" तेव्हापासून जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे दुकानाच्या पाटीवर काहीही रंगवलं तरी लोक थंडोबाकडेच फ्रिज आणायचे.

दुकान खाली, घर त्याच्यावर, आणि घराच्या डोक्यावर गच्ची. दुकानात उघडे पडलेले कॉम्प्रेसर भिंतीशी ओळीने बसलेले, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी खिळ्यांना टांगलेली, दारांची जुनी रबरं एका कोपऱ्यात गोळा झालेली. दुकानातून घरात आणि घरातून गच्चीवर जाणारा जिना अरुंद, मधेच वळणारा, आणि वळणावर पायरी अशी तिरकी की नवखा माणूस हमखास तिथे ठेचकाळायचा.

दारासमोर खाकी कापडाचं आच्छादन घातलेली एक छोटी गाडी उभी असे. ती बाईंची. बाई म्हणजे थंडोबाची बायको. त्यांना सगळी वस्ती बाईच म्हणायची, कारण वस्तीतल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनी शिकवली होती. त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय न ठेवता, पण पाय तिथून फार लांबही न नेता, त्या तासन्‌तास शांत बसू शकायच्या. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीकडे नेली तरी त्या "भिंत हलणार नाही हं, आपल्यालाच वळायला लागेल," असं म्हणायच्या आणि माणूस खरंच वळायचा.

मागच्या वर्षी शिकवता शिकवताच बाईंच्या छातीत कळ आली. शुद्ध जायच्या आत त्यांनी पायाखालचा ब्रेक दाबून गाडी कडेला थांबवली होती, शिकणाऱ्या पोरीला ओरखडासुद्धा उठला नाही. मग इस्पितळ, ऑपरेशन, महिनोन्‌महिने गोळ्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "सगळं छान आहे. आता सगळं करायला हरकत नाही."

"जपून," थंडोबाने डॉक्टरांचं वाक्य पुरं केलं. वास्तविक ते पुरं झालेलंच होतं.

तेव्हापासून घराचा कारभार थंडोबाच्या धंद्यासारखा चालू झाला. आत गारवा एकसारखा, दार घट्ट बंद, काटा जागचा हलता कामा नये. बाईंनी गच्चीचा जिना चढायचा नाही. खाली उतरायचं ते डॉक्टरांकडे जायला, तेही त्याचा हात धरून. पाहुण्यांनी फार वेळ बसायचं नाही. आणि गाडीची तर बातच नको. गाडीची किल्ली त्याने आपल्या हत्यारांच्या पेटीत टाकली. दर रविवारी सकाळी मात्र तो आच्छादन वर करून आत शिरायचा, गाडी सुरू करायचा आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवायचा. मशीन नुसतं उभं ठेवलं की मरतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला की तो म्हणायचा, "बघू, अजून थोडे दिवस." मालक भले होते, पण त्यांनाही धंदा होता. शेवटी ते म्हणाले, "नवी बॅच सुरू होईपर्यंत बाईंची जागा ठेवतो. त्यानंतर मला दुसरं कुणी तरी बघायलाच लागेल." हे बाईंनी बाजूला बसून ऐकलं. फोन ठेवल्यावर उठून खिडकीशी गेल्या आणि खाली उभ्या असलेल्या खाकी ढिगाकडे बघत राहिल्या.

अशातच लेकीने डबा पाठवला. लेक लांब नोकरीला. आईला अशक्तपणा वाटतो म्हटल्यावर तिने कुठूनशी पावडर शोधली होती. बाई सकाळी ती कोमट दुधात ढवळत होत्या.

"हे काय?"

"माका."

"केसांना लावतात तो?"

"तो नव्हे हो. हा कंद आहे. पेरू देशातला. तिकडे अँडीजच्या डोंगरात, खूप उंचावर, जिथे दुसरं काहीच"

"पिकत नाही, तिथे हा पिकतो, आणि इथे येऊन आपल्याला पहिलवान करतो. कळलं. लोकांना काहीही विकतात!"

बाईंनी पेला तोंडाला लावला. दुसऱ्या दिवसापासून त्या तो थंडोबा दुकानात उतरल्यावर पिऊ लागल्या.

थंडोबाने थट्टा केली खरी, पण त्याला एक खोड होती. ज्याची थट्टा करायची तेसुद्धा उघडून बघितल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. लहानपणी चेंडू आतून कसा असतो हे बघायला त्याने चेंडू कापला होता, आणि मग आतली हवा कुठे गेली म्हणून भोकाड पसरलं होतं. बाई आंघोळीला गेल्या असताना त्याने डबा उघडला. पिवळसर पीठ. वास घेतला. भाजलेल्या धान्यासारखा, थोडा करपलेल्या साखरेसारखा, आणि त्याच्या मागून हळूच, अगदी चोरपावलांनी, मुळ्याचा. चिमूटभर जिभेवर ठेवलं. गोडसर, मग किंचित कडू. डब्यावर छोट्या सलगमासारख्या गोळ्याचं चित्र होतं. हा गोळा जमिनीत कसा दिसत असेल? ओला कसा लागत असेल? आणि दुसरं काही उगवत नाही अशा थंडीत हाच का उगवतो?

डॉक्टरांनाही त्याने विचारलं. ते म्हणाले, "घेऊ द्या. त्यांच्या गोळ्यांच्या आड येत नाही. चमत्काराची वाट मात्र बघत बसू नका." एवढ्याने थंडोबाचं समाधान होणार नव्हतं. त्याला तो कंद हातात धरून बघायचा होता.

योग असा की शेतकी कॉलेजच्या बीजपेढीचं काम त्याच्याकडे होतं. तिथे थंडगार खोलीत जगभरच्या बिया पाकिटांत भरून ठेवलेल्या असतात, आणि ती खोली गार ठेवण्याची जबाबदारी थंडोबाची. बीजपेढीचे सर अतिशय सज्जन आणि अतिशय सावकाश. दोन शब्दांच्या मधे ते इतका वेळ घ्यायचे की तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू होऊन बंद पडायचा. थंडोबाने माक्याचं नाव काढल्यावर सरांचे डोळे चमकले. ते आतून एक पाकीट घेऊन आले आणि मोहरीहूनही बारीक बिया कागदाच्या पुडीत घालून म्हणाले, "याला... थंडी... लागते. पण..."

"थंडीचं मला सांगता, सर? उभा जन्म थंडीत गेला!" थंडोबाने पुडी खिशात घातली आणि तो निघालासुद्धा. सरांचा "पण" त्यांच्या उघड्या तोंडातच राहिला.

दुकानात एक काचेच्या दाराचा उभा फ्रिज पडून होता, सरबताच्या दुकानातून मोडीत निघालेला. थंडोबाने तो दुरुस्त केला, आत ट्यूबलाइट बसवल्या आणि दोन हमालांकडून वर चढवून स्वयंपाकघरात खिडकीच्या बाजूला उभा केला. लोखंडी ट्रेमध्ये माती भरून बी पेरलं. मातीत थर्मामीटरची सळई खोचली. हा थर्मामीटर साधासुधा नव्हता. दिवसभरातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारा होता. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले की थंडोबाचा चेहरा फुलायचा. फ्रिज चांगला की वाईट हे ओळखायची त्याची तीच तर कसोटी होती.

बी भराभर उगवलं. मुळ्यासारखी इवली पानं आली. थंडोबा सकाळी उठला की आधी काचेला नाक लावायचा. पण पुढे सगळं फिसकटलं. रोपं लांबुळकी, फिकट होत गेली, एकमेकांच्या अंगावर रेलली. शेवटी न राहवून त्याने एक उपटलं. खाली कंद कसला, नुसता दोरा! त्याने आणखी उपटली. सगळीकडे दोराच. त्याने ट्रे खाली नेऊन रिकामा केला आणि उरलेलं बी नव्या मातीत पेरलं.

"अहो," बाई डबा हातात घेऊन, चष्मा लावून म्हणाल्या, "याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, तिकडे दिवसा"

"डब्याच्या मागे काहीही लिहितात. माती बदललीय, आता बघ. आणि एक, फ्रिजचं दार उघडायचं नाही. गारवा जातो."

बाईंनी चष्मा काढून मिटला. त्यांनी आयुष्यात असले पुष्कळ विद्यार्थी बघितले होते, ज्यांना सांगून वळण घेता येत नाही.

दुसरी रोपं वर आली आणि थोड्याच दिवसांत थंडोबा चक्रावला. संध्याकाळी घरी येऊन थर्मामीटर बघतो तर कमीचा आकडा ठीक, पण जास्तीचा भलताच वर! दुपारी कडक उन्हात एखादी मोटार उभी करावी तसा. फ्रिज आत्ता तर छान गार होता. मग दिवसा याला होतं काय?

त्याने थर्मोस्टॅट बदलला. आकडा पुन्हा वर. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघितली. रबर घट्ट होतं. तरी नवं घातलं. आकडा वर. गॅस तपासला. विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर जोडला. खिडकीतलं ऊन काचेवर पडत असेल म्हणून पडदा लावला. थर्मामीटरचाच दोष असेल म्हणून दुसरा आणला, तर तोसुद्धा पहिल्याची री ओढायला लागला. थंडोबाचं डोकं फिरायची वेळ आली. वस्तीभरचे फ्रिज सरळ करणारा माणूस, आणि त्याच्याच स्वयंपाकघरातला फ्रिज त्याला वाकुल्या दाखवतो! ही गोष्ट बाहेर फुटली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो फ्रिजच्या मागे शिरून एकेक वायर चाचपायचा आणि बाई बाजूला टॉर्च धरून उभ्या राहायच्या.

"सापडलं का काही?" त्या विचारायच्या.

"सापडेल. मशीन खोटं बोलत नाही."

"नाही ना? मग ठीक."

दोष सापडेना तेव्हा त्याने निदान उपाय केला. दिवसा गरम होतोय ना, मग संध्याकाळपासून जास्त गार करून ठेवू, म्हणजे सरासरी तरी साधेल. त्याने काटा पार शून्याच्या खाली नेला. सकाळी पानांवर पांढरा बर्फाचा भुगा दिसू लागला. आता ही मरणार, असं त्याला वाटलं आणि वाईटही वाटलं.

पण रोपं मरेनात. उलट पानं गडद झाली, आखूड झाली, मातीला घट्ट चिकटून गोल पसरली. आणि एके सकाळी काचेला नाक लावलेल्या थंडोबाला एका रोपाच्या बुडाशी काही तरी जांभळं, फुगीर, मातीतून वर डोकावताना दिसलं. त्याने डोळे चोळले. बोटाने माती किंचित बाजूला केली. गोळा होता. खराखुरा!

आनंदाने उडी मारावी की कपाळाला हात लावावा, हेच त्याला कळेना. मशीन बिघडलं होतं आणि रोप सुधारलं होतं. नीट चालणाऱ्या फ्रिजमध्ये दोरा आणि नादुरुस्त फ्रिजमध्ये कंद? हे त्याच्या आजवरच्या सगळ्या अकलेच्या विरुद्ध होतं. दुकानात हात कामात आणि डोकं वर स्वयंपाकघरात, अशी त्याची अवस्था झाली. एका गिऱ्हाइकाने "आमचा फ्रिज ना" म्हणून सुरुवात केली, आणि बराच वेळ मधे कुणी बोलेना म्हणून तोच बावरून गप्प झाला.

शेवटी थंडोबा बीजपेढीत गेला. काही काम नव्हतं, मुद्दाम गेला. सरांना सगळं सांगितलं. सर ऐकत होते, मधेमधे मान हलवत होते. मग म्हणाले, "मी... त्या दिवशी... सांगत होतो... पण..."

आणि थंडोबा गप्प बसला. काय बोलणार? या वाक्याला पुढे काय जोडायचं ते त्याला माहीतच नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच तो एखाद्या माणसाच्या तोंडाकडे नुसता बघत उभा राहिला. कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद पडला.

"पण... दिवसा... त्याला... कडक ऊन लागतं," सर म्हणाले. "तिकडे... रात्री... गोठवणारी थंडी... आणि दिवसा... कातडी सोलणारं ऊन. वारा. सगळं... आलटून पालटून. एकसारख्या... गारव्यात ठेवलंत... तर जगतं. पण... पोसत नाही." थोडं थांबून त्यांनी कुतूहलाने विचारलं, "तुम्ही... फ्रिजमध्ये... ऊन... कुठून आणलंत?"

थंडोबा उत्तर न देताच निघाला. ऊन त्याने कुठूनच आणलं नव्हतं. ट्यूबलाइटने थर्मामीटर एवढा चढत नाही. ऊन कोण आणतंय मग?

भर दुपारी तो कधी घरी येत नसे. त्या दिवशी आला. दुकानाचं दार आवाज न करता उघडलं आणि जिन्याखाली उभा राहिला. वर स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा ओळखीचा आवाज झाला, नवं रबर सुटताना होतो तसा. मग पावलं. थंडोबा चार पायऱ्या चढून वळणाशी गेला आणि त्याने वर बघितलं.

बाई गच्चीचा जिना चढत होत्या. दोन्ही हातांत तो लोखंडी ट्रे, ओल्या मातीने भरलेला, जो उचलताना तो स्वतः कण्हायचा. थर्मामीटरही ट्रेबरोबर वायरीला लोंबत होता. कठड्याला धरायला हात मोकळा नव्हता. वरच्या वळणाच्या तिरक्या पायरीशी त्या थांबल्या, ट्रे गुडघ्यावर टेकवला, पकड बदलली आणि रोपांना म्हणाल्या, "चढावर गाडी मागे जाईल असं वाटतं. जात नाही. घाई करायची नाही. हं, आता हळू पाय सोडा... शाब्बास."

आणि चढल्या.

थंडोबाच्या तोंडापर्यंत "अगं!" आलं होतं. ते त्याने गिळलं. मोठ्याने हाक मारली तर दचकेल, म्हणून गिळलं. पण गिळल्यावर तो तिथेच पायरीवर बसला. बाईंच्या छातीत कळ आल्याचा स्कूलमधून फोन आला त्या दिवशी तो एका फ्रिजमागे आडवा पडून काम करत होता. त्यानंतर कुठलाही फोन वाजला की तो आधी बाई कुठे आहेत ते बघायचा. आपण हिच्यासाठी हे सगळं करतोय, असं तो इतके दिवस समजत होता. खरं तर तो फोन पुन्हा यायला नको होता त्याला. भीती त्याची होती, आणि कोंडून बाई बसल्या होत्या. हे कळलं तेव्हा त्याला स्वतःचाच राग आला आणि रडूही आलं. दोन्ही आवरून तो उठला.

गच्चीवर पोचला तेव्हा धाप त्याला लागली होती. बाई भिंतीच्या कडेला, जिथे ऊन सगळ्यात जास्त तापतं तिथे ट्रे ठेवून, पदराने हात पुसत होत्या. त्याला बघून त्यांनी ना जीभ चावली, ना सारवासारव केली.

"लवकर आलात?"

"कधीपासून चाललंय हे?"

"तुम्ही पहिली रोपं उपटून फेकलीत ना, तेव्हापासून. तुम्ही गेलात की वर आणायची, तुम्ही यायच्या आत खाली. डब्याच्या मागे लिहिलंय सगळं. दिवसा ऊन, रात्री बर्फ."

"आणि मी थर्मोस्टॅट बदलत होतो तेव्हा टॉर्च धरून उभी होतीस!"

"मग काय करू? मला कुठे विचारलंत तुम्ही? तुम्ही फ्रिजला विचारत होतात."

थंडोबाला एकदम काही तरी सुचलं आणि राग विसरून तो ट्रेपाशी उकिडवा बसला. "पण रात्रीचा बर्फ? मी काटा खाली नेला नसता तर... मी तो खाली नेला, कारण तू दिवसा..." तो बोटांनी हिशेब लावू लागला. एकाने ऊन दिलं होतं, दुसऱ्याने बर्फ, आणि दोघांनी मिळून स्वयंपाकघर आणि गच्चीच्या मधे एक आख्खा डोंगर उभा केला होता, एकमेकांना पत्ता लागू न देता. त्याला हसू फुटलं. बाईही हसल्या, बऱ्याच दिवसांनी, पोट धरून.

त्याने जांभळा गोळा बुडाशी धरून हलकेच ओढला. निघाला. अक्रोडाएवढा, अंगावर बारीक केसांसारखी मुळं, खाली एक शेपूट. त्याने माती झटकली, नाकाशी नेला. मुळा! सरळसरळ मुळा, आणि त्याच्या मागून हळूच तो भाजका वास. डब्यात हेच दोन वास उलटे बसले होते. त्याने नखाने चिरा पाडून एक तुकडा बाईंना दिला, एक स्वतः चावला. तिखट होता. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं तिखटाचं होतं असं काही म्हणता येणार नाही.

"म्हणजे तुला जो जोर आलाय," तो म्हणाला, "तो या पावडरीमुळेच आलाय की काय?"

"पावडरीने आला की जिन्याने, मला काय ठाऊक! आला एवढं खरं."

"मग आपण असं करू. काही दिवस पावडर बंद ठेवू, नुसता जिना. मग जिना बंद, नुसती"

"सोमवारी नवी बॅच सुरू होतेय," बाईंनी त्याचं वाक्य तोडलं.

खाली रस्त्यावर खाकी आच्छादन वाऱ्याने फडफडत होतं.

"किल्ली..." तो म्हणाला.

"तुमच्या हत्यारांच्या पेटीत आहे. खालच्या कप्प्यात, रबराच्या तुकड्यांखाली."

"माहीत होतं तुला? मग घेतली का नाहीस?"

"घेतली असती तर चोरून गाडी चालवली असं झालं असतं. चोरून ट्रे उचलता येतो हो. गाडी नाही येत. किल्ली तुम्ही द्यायला हवी होती." मग त्याच्याकडे न बघता, "रविवारी सकाळी खाली इंजिनचा आवाज यायचा ना, तर दर वेळी मी पदर सारखा करून बसायचे. वाटायचं, आज वर येऊन देताय."

थंडोबा उठला. जिना उतरला. हत्यारांची पेटी उघडताना त्याच्या हातून स्क्रू ड्रायव्हर सांडले ते त्याने उचलले नाहीत. पुन्हा वर जायची गरज पडली नाही, कारण बाई त्याच्या मागोमाग खाली आल्या होत्या, हात न धरता, आणि दारात उभ्या होत्या. त्याने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. काही तरी बोलायचं होतं, वाक्य सापडेना. बाईंनीही ते पुरं करून दिलं नाही.

दोघांनी मिळून आच्छादन काढलं. बाई चालवायच्या जागी बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या नजरेला लावला. "चला, एक चक्कर मारून येऊ. शेजारी कुणी तरी लागतंच मला."

थंडोबा शेजारी बसला. शिकवणाऱ्याची जागा ती. पायाशी तो दुसरा ब्रेक होता, आणि थंडोबाचा पाय आपसूक त्याच्यावर जाऊन टेकला. बाईंनी ते बघितलं. गाडी सुरू केली नाही. आरशात बघत राहिल्या.

थंडोबाने पाय मागे घेतला. तो पुन्हा पुढे सरकला. त्याने पुन्हा मागे घेतला. मग त्याने वाकून दोन्ही चपला काढल्या, पाय वर उचलले आणि सीटवर, अवघडत का होईना, चक्क मांडी घालून बसला.

"पट्टा लावा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी सुरू केली.